उन्हाळी तुकडी

केंद्र सरकारच्या कारकुनाची पृथ्वी गोल नसते. ती रजा-प्रवास सवलतीच्या नियमांत बसेल एवढीच असते. दोन वर्षांतून एकदा स्वग्रामी, चार वर्षांच्या गटात एकदा भारतात कोठेही, आणि सरकारची विशेष कृपा झालीच तर विमानाने अंदमान, लडाख किंवा ईशान्येकडील राज्ये. त्यापलीकडे भूगोलात जे काही आहे ते मुलांच्या परीक्षेपुरते. आमच्या घरी पृथ्वीचा एक गोल आहे. त्याच्या वर आणि खाली जेथे पितळी खिळे ठोकले आहेत तेथे ध्रुव असतात, एवढेच आमचे त्या प्रदेशांविषयीचे ज्ञान होते, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत ते आम्हांला पुरलेही. पुढेही पुरले असते. पण आमचे शेजारी अण्णा यांनी एके दिवशी त्या खालच्या खिळ्यापर्यंत जाण्याचे मनावर घेतले.

अण्णा हे लेखापरीक्षेच्या खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. नागपूर, शिलाँग, ग्वाल्हेर, चेन्नई अशी गावे पालथी घालून शेवटच्या बदलीला बंगळुरास आले आणि येथल्या हवेने त्यांना धरून ठेवले. आम्ही दोघे सकाळी लालबागेत फिरावयास जातो. तेथे केंपेगौडाचा बुरूज ज्या उघड्या खडकावर उभा आहे, त्या खडकावर पाच मिनिटे टेकावयाचे, हा आमचा नित्यक्रम. तो खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा आहे, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. इतक्या जुन्या आसनावर बसून आम्ही महागाई-भत्त्याच्या पुढच्या हप्त्याची चर्चा करीत असतो.

२०२४ च्या जुलैतील एका सकाळी अण्णा त्या खडकावर काठी टेकून म्हणाले, "डिसेंबरात आम्ही दोघं अंटार्क्टिकाला जाणार. जहाजानं."

आम्हांला प्रथम वाटले, 'अंटार्क्टिका' हे एखाद्या नव्या उपाहारगृहाचे नाव असावे. परंतु अण्णांनी पिशवीतून दोन रंगीत माहितीपत्रके काढली. एक उत्तरेचे होते : आइसलँड, ग्रीनलँडचा किनारा आणि नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड बेटे. दुसरे दक्षिणेचे होते : अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरातून निघावयाचे, दोन दिवस ड्रेकच्या सामुद्रधुनीचे हेलकावे सोसावयाचे आणि अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाला जाऊन पोहोचावयाचे. खर्च दरडोई आठ-दहा लाखांच्या घरात. त्या आकड्यावर आमची नजर अडखळलेली पाहून अण्णा म्हणाले, "मुलगा म्हणतो, नवी गाडी घ्या. गाडी घेऊन जायचं कुठं? जयनगरच्या चौकात उभं राहायला?"

ही सागरी सफर म्हणजे नुसती चैनीची जलयात्रा नव्हे, हे त्या माहितीपत्रकांवरून आमच्या ध्यानात आले. तिला 'मोहीम' म्हणतात. लार्स-एरिक लिंडब्लाड नावाच्या स्वीडिश-अमेरिकन गृहस्थाने १९६६ साली प्रथम सामान्य प्रवाशांची एक तुकडी अंटार्क्टिकाला नेली, आणि १९६९ मध्ये अशा सफरींसाठीच एक लहानसे, मजबूत जहाज बांधवून घेतले. तेथून ही प्रथा सुरू झाली. जहाजावर नाचगाण्याऐवजी हिमनद्यांवर व्याख्याने होतात. धक्का कोठेच नसल्यामुळे रबरी होड्यांतून दहा-बारा जणांच्या टोळीने किनारा गाठावा लागतो. आणि सगळा कार्यक्रम हवेच्या मर्जीवर चालतो. याच लिंडब्लाडच्या जहाजाने १९८४ साली कॅनडाच्या उत्तरेकडील वायव्य मार्ग पार केला. तो पार करणारे ते पहिले प्रवासी जहाज. पुढे २३ नोव्हेंबर २००७ रोजी तेच जहाज दक्षिण शेटलंड बेटांजवळ बर्फावर आपटून बुडाले. त्यावरील १५४ माणसे काही तास होड्यांत कुडकुडत राहिली, पण सगळी वाचली. ही शेवटची हकीकत माहितीपत्रकात नव्हती. ती अण्णांनी स्वतः शोधून काढली होती आणि काकूंना सांगितली नव्हती. लेखापरीक्षकाचा स्वभाव जात नाही. पण काय कळवावे आणि काय केवळ नोंदवून ठेवावे, हेही त्याला चांगले कळते.

आम्ही उत्तरेचा पक्ष उचलून धरला. त्याला कारण होते. आम्ही रत्नागिरीकडचे, आणि रत्नागिरीत जन्मलेल्या एका पुरुषाने उत्तर ध्रुवाशी आमचे नाते फार पूर्वीच जोडून ठेवले आहे. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा मॅक्सम्यूलरने आपल्या ऋग्वेदाच्या आवृत्तीची प्रत त्यांच्याकडे पाठविली. तुरुंगाच्या कोठडीत तो ग्रंथ वाचताना वेदांतील दीर्घ उषेच्या वर्णनांनी त्यांना घेरले. पुष्कळ दिवस रेंगाळणारी ही पहाट कोणती? अशी पहाट हिंदुस्थानात होत नाही. ती ध्रुवाजवळ होते. या एका धाग्यावरून त्यांनी आर्यांच्या ध्रुवप्रदेशीय वसतिस्थानाचा सिद्धांत उभा केला आणि १९०३ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आजचे विद्वान तो सिद्धांत मान्य करीत नाहीत. परंतु कोठडीतील चार भिंतींत बसून सहा महिन्यांची रात्र आणि सहा महिन्यांचा दिवस ज्याने मनात उभा केला, त्या माणसाच्या प्रवासाला आम्ही काय म्हणावे? माहितीपत्रकातील कोणत्याही जहाजापेक्षा तो लांब गेला होता.

हे सर्व आम्ही अण्णांना मोठ्या आवेशाने सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "टिळक न जाता एवढं पाहून आले. मग उत्तरेचं पाहायचं काय राहिलं? आम्ही दक्षिणेला जातो."

वस्तुतः अण्णांचा हिशेब निराळाच होता, आणि तो त्यांनी पुढे कधीतरी सांगितला. चाळीस वर्षांच्या नोकरीत ते जेथे जेथे बदलून गेले, तेथे तेथे त्यांच्यापूर्वी कोणीतरी बसून गेलेले असे. त्याची अर्धवट टिपणे, त्याची तुंबलेली प्रकरणे आणि त्याच्या चहाच्या कपाचे टेबलावरील वर्तुळ त्यांच्या वाट्याला येई. आयुष्यात एकदा तरी अशी जागा पाहावी की जेथे कोणाचीही बदली झालेली नाही, ही त्यांची इच्छा होती. बदलीच्या नोकरीत ज्यांचे केस पिकले, त्या आपणा सर्वांना ही इच्छा समजावून सांगण्याची गरज नाही.

पण बदली कोठे होत नाही? आम्ही अण्णांसाठी अर्ज भरण्याचे काम अंगावर घेतले होते. (विस्तव कसा विझवावा हे आम्हांला येत नसेल, पण अर्ज कसा भरावा हे येते.) त्या निमित्ताने आम्ही थोडे वाचनही केले. तेव्हा कळले की, अण्णांच्या त्या निर्मनुष्य खंडावर आपल्याच सरकारची दोन कार्यालये आहेत! पहिली भारतीय तुकडी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून 'पोलर सर्कल' या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून निघाली. त्यांत एकवीस जण होते. ९ जानेवारी १९८२ रोजी त्यांचे पाय बर्फाला लागले. पुढे 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे उभे राहिले आणि काही वर्षांत बर्फाखाली गाडले गेले; मग 'मैत्री' आले, आणि २०१२ साली १३४ मालपेट्या जोडून बांधलेले 'भारती'. या साऱ्याचा कारभार गोव्यात, वास्कोच्या केंद्रातून चालतो. इतकेच नव्हे, तर तेथे आपले टपालघर आहे, आणि ते आपल्या महाराष्ट्र परिमंडळाच्या गोवा विभागात मोडते. २०२४ च्या एप्रिलमध्ये 'भारती'वर टपालाची नवी शाखा उघडली, तेव्हा तिला प्रायोगिक म्हणून जो क्रमांक मिळाला त्याची सुरुवात 'एमएच' या अक्षरांनी होते : एमएच-१७१८. म्हणजे पत्त्यापुरता तरी महाराष्ट्र पार दक्षिण टोकाला जाऊन भिडला आहे.

मराठी माणूसही तेथे केव्हाच जाऊन आलेला आहे, आणि तोही पाहावयास नव्हे, तर कामावर. आप्पासाहेब पंतांच्या कन्या अदिती पंत गोव्याच्या सागरविज्ञान संस्थेत होत्या. १९८३ च्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अशा दोघी होत्या. अंटार्क्टिकावर गेलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. समुद्राविषयीचे एक इंग्रजी पुस्तक तरुणपणी हाती पडले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली, असे सांगतात. उत्तरेकडेही आपले एक ठाणे आहे. स्वालबार्डमधील नी-ओलेसुंड या जुन्या खाणगावात २००८ साली उघडलेले ते 'हिमाद्री'. पूर्वी आपले शास्त्रज्ञ तेथे उन्हाळ्यात जात व परत येत. २०२३ च्या डिसेंबरात प्रथमच हिवाळ्यासाठी तुकडी गेली. आणि तिच्यात गोव्याच्या व पुण्याच्या संस्थांबरोबर आमच्या बंगळुरातील रामन संशोधन संस्थेचेही शास्त्रज्ञ होते. सदाशिवनगरच्या त्या झाडीत बसणारी माणसे, सूर्य जेथे चार महिने उगवतच नाही, अशा गावी आकाशातील रेडिओ-लहरी ऐकण्यासाठी जाऊन राहिली. त्या गावात फोनच्या लहरी बंद ठेवाव्या लागतात, इतकी तेथे शांतता जपली जाते. आम्ही त्यांच्याच शहरात राहतो, त्यांच्याच फाटकावरून बसने जातो. पण आम्हांला याची गंधवार्ता नव्हती.

अण्णा आणि काकू ठरल्याप्रमाणे गेले आणि जानेवारीत सुखरूप परत आले. येथील मराठी मंडळींच्या मासिक बैठकीत त्यांनी छायाचित्रे दाखविण्याचे कबूल केले. सभागृह लहान, आणि श्रोते सगळे आपल्यासारखेच : टपाल, रेल्वे, आयकर, बँक. पडद्यावर निळे हिमनग आले, काळ्या कोटातील पेंग्विन आले, आणि काकूंचे तांबड्या जाड अंगरख्यातील रूप आले. ते पाहून टाळ्या पडल्या. एका बँकेतील गृहस्थांनी शाकाहारी जेवणाची चौकशी केली. ती समाधानकारक निघाल्यावर सभेला खरा रंग चढला.

मग अण्णांनी नियम सांगितले. नियमांचा विषय निघाला की त्यांचा आवाज बदलतो. एका वेळी एका ठिकाणी शंभरांपेक्षा अधिक माणसे उतरावयाची नाहीत. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाने तर उतरवावयाचीच नाहीत. पेंग्विनपासून पाच मीटर दूर राहावयाचे. तो स्वतः जवळ आला तर आपण थांबावयाचे, वाट त्याची. बूट उतरताना धुवावयाचे, चढताना धुवावयाचे. खिशांच्या शिवणीतून बीज किंवा कुसळ जाऊ नये म्हणून कपडे यंत्राने झाडून घ्यावयाचे. तेथला दगडदेखील उचलावयाचा नाही. आपला कागदाचा कपटाही टाकावयाचा नाही. उत्तरेकडेही हेच : स्वालबार्डच्या संरक्षित भागांत २०२५ च्या आरंभापासून दोनशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजांना मज्जाव झाला आहे, आणि पांढऱ्या अस्वलापासून तीनशे मीटर दूर राहणे सक्तीचे झाले आहे, वसंतात पाचशे. "तासाभरानं खूण होते," अण्णा म्हणाले, "की सगळ्यांनी होडीत. मागं आपल्या पावलांचे खड्डेसुद्धा बुजवायचे, कारण पेंग्विन त्यांत पडतो. आपण आलो होतो हे तिथं कळताच कामा नये."

"म्हणजे एवढे लाख खर्चून तास-तासाची भेट?" आयकरवाल्यांनी विचारले.

"दिवसातून दोनदा. हवा असेल तर."

कोणी तरी मागून विचारले, की मग जावेच कशाला? १९९२-९३ च्या हंगामात सात हजारांच्या आत असलेली प्रवाशांची संख्या आता लाखाच्या वर गेली आहे. जहाजांच्या धुराची काजळी बर्फावर बसते, आणि काळे पडलेले बर्फ लवकर वितळते. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी २०२४ च्या मे महिन्यात सारी करारबद्ध राष्ट्रे आपल्याच कोचीत जमली होती. अण्णांनी उत्तर देण्याची घाई केली नाही. चष्मा पुसून ते म्हणाले, "आक्षेप योग्य आहे. जड तेल जाळायला तिथं २०११ पासून बंदी आहे, पण हलकं तेल जळतंच. आम्ही बर्फ वितळायच्या आत पाहून घ्यावं म्हणून गेलो, आणि वितळायला थोडा हातभार लावून आलो. जमाखर्चात दोन्ही रकमा दाखवल्या पाहिजेत. पाहिलं ते खोटं नव्हतं, एवढंच सांगतो."

त्यानंतर एका लहान मुलीने विचारले, "आजोबा, तिथं राहतं कोण?"

अण्णांना हा प्रश्न आवडला. त्यांनी सांगितले की, पर्यटकांपैकी कोणीच राहत नाही. राहतात ते ठाण्यांवरची माणसे; आणि त्यांच्यातही दोन प्रकार. आपल्या मोहिमेत एक उन्हाळी तुकडी असते आणि एक हिवाळी तुकडी. उन्हाळी तुकडी नोव्हेंबर-डिसेंबरात जाते, उजेडात कामे उरकते आणि मार्चच्या सुमारास परतते. हिवाळी तुकडी मागे राहते. त्यांची दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते, उत्तराखंडात औलीच्या बर्फात शिक्षण होते. आणि जहाज दिसेनासे झाले की मग पुढचा उन्हाळा येईपर्यंत ती वीस-पंचवीस माणसे, वादळ आणि अंधार. "किनाऱ्यावर उभं राहून हात हलवणाऱ्यांत, आणि जहाजावरून हात हलवणाऱ्यांत फार फरक असतो," ते म्हणाले.

सभा संपली, चहा झाला, आम्ही घरी आलो. त्या वाक्याचा विचार आम्ही त्या रात्री केला असे सांगितले तर ते खोटे होईल. तो विचार पुढे एप्रिलमध्ये आला, आणि तो आईच्या फोनमधून आला.

आमची आई रत्नागिरीजवळच्या गावी एकटी राहते. वडील जाऊन तीन वर्षे झाली. ती दोन वर्षांपूर्वी तीन आठवडे बंगळुरास आली होती, तेव्हा तिचे आणि काकूंचे चांगले जमले. दोघी लालबागेत एकाच बाकावर बसत. 'घर बंद राहिलं की वाळवी लागते' असे म्हणत आई जी परत गेली, ती पुन्हा आली नाही. एप्रिलमधल्या त्या संध्याकाळी तिने स्वतः होऊन फोन केला. "अरे, तुझ्या त्या अण्णांचं आणि काकूंचं कार्ड आलंय. पेंग्विनचं. राणीच्या देशाचं तिकीट आहे वर."

अंटार्क्टिकात गूडिए नावाच्या चिमुकल्या बेटावर, पोर्ट लॉकरॉय येथे, इंग्रजांचे १९४४ सालचे एक जुने ठाणे आहे. उन्हाळ्यात तेथे टपालघर चालते. बेटाचा निम्मा भाग पेंग्विनसाठी राखून ठेवला आहे, आणि उरलेल्या भागात मोजके कर्मचारी दरसाल हजारो कार्डांवर शिक्के मारतात. आपले 'एमएच' टपालघर त्या खंडाच्या निराळ्याच बाजूला, हजारो किलोमीटरांवर. त्यामुळे अण्णांना इंग्रजांचेच टपालघर पत्करावे लागले होते. तेथून त्यांनी आमच्या आईला कार्ड टाकले होते. ते जहाजाने फॉकलंड बेटांवर, तेथून इंग्लंडला आणि तेथून कोकणातल्या आमच्या ओटीवर पोहोचले. मजकूर चार ओळींचा : येथे थंडी आहे, पक्षी माणसांना भीत नाहीत, तुमच्या हातची आंबोळी आठवली, प्रकृतीस जपावे.

"देवाच्या फळीवर ठेवलंय," आई म्हणाली. मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. "तुझं शेवटचं पत्र कधीचं रे? मी पेटीत बघत होते."

तिने रागाने विचारले नव्हते. ती खरोखरच पेटीत पाहत होती, आणि तारीख आठवत नव्हती म्हणून तिने विचारले होते. आम्ही, ज्याने दिवसाकाठी तीस पत्रे आवक-जावक बारनिशीत चढवावी, त्या आम्हांलाही तारीख आठवली नाही.

त्या रात्री आम्हांला अण्णांचे नियम आठवले. २०२४ च्या गणपतीला आम्ही सहकुटुंब गावी गेलो होतो. रात्रीच्या बसने कोल्हापूर, आंबा घाटाने रत्नागिरी. पाच दिवस राहिलो. मुलांनी पागोळ्यांची, माडांची, आजीची छायाचित्रे काढली. आम्ही काही उचलले नाही, काही मोडले नाही, काही मागे ठेवले नाही. आईने मोदक केले, ओल्या नारळाच्या करंज्या केल्या, नवी चादर काढली. खूण झाल्याबरोबर आम्ही गाडीत बसलो. आम्ही येऊन गेलो होतो याची एकही खूण त्या घरात उरली नसेल. पर्यटकाने पाळावयाचा प्रत्येक नियम आम्ही आपल्याच घरी, कोणी न सांगता, तंतोतंत पाळला होता. आई दारात उभी राहून हात हलवीत होती, आणि जहाजावरून आम्ही.

पाहुण्याने दूर राहावे, लवकर निघावे, कशाला हात लावू नये, हा पेंग्विनच्या बेटावर सद्धर्म आहे. तेथे यापेक्षा चांगले वागणे संभवत नाही. पण जेथे आपण पाहुणे नाही तेथेही तसेच वागू लागलो, तर त्या शिष्टाचाराला काय म्हणावे? परगावी बदलून आलेले आपण सगळे आपल्याला हिवाळी तुकडीतले समजतो. भाषा परकी, हवा परकी, सण दुसऱ्यांचे. हा आपला हिवाळा, अशी आपली समजूत. त्या रात्री प्रथमच आम्हांला वाटले की आमचा हिशेब चुकला असावा. येथे आम्हांला पगार आहे, शेजार आहे, लालबाग आहे. हिवाळी तुकडी एका माणसाची आहे, आणि ती कोकणात आहे.

मे महिन्यात आम्ही अर्जित रजेचा अर्ज केला : आषाढात, तीस दिवस. आमच्या शाखेच्या अधिकाऱ्यांनी अर्ज दोनदा वाचला. आंब्याच्या दिवसांत कोकणात जाणारा मनुष्य त्यांना माहीत होता, गणपतीत जाणारा माहीत होता. आषाढात जाणारा त्यांनी पाहिला नव्हता. "कारण?" त्यांनी विचारले. आम्ही 'घरगुती' असे सांगितले. तीस दिवसांचे बारा मंजूर झाले.

२०२५ च्या जुलैत आम्ही एकटेच गेलो. त्या बारा दिवसांत जे पाहिले ते आजवर कोणत्याही छायाचित्रात आलेले नव्हते. पावसात वीज जाते ती दोन-दोन दिवस येत नाही. आई सातला जेवते, आठला दार लावते, आणि मग पहाटेपर्यंत कौलांवर पाऊस वाजत राहतो. विहिरीकडची वाट शेवाळलेली. तिने तेथे राख टाकून पायऱ्यांसारख्या जागा केलेल्या. माळ्यावर एक कौल सरकलेले होते आणि त्याखाली पातेले ठेवलेले होते. ते पातेले रात्रीतून दोनदा रिकामे करावे लागे. गणपतीत ते कधी दिसले नाही, कारण आम्ही येणार म्हणून त्या आधी ती गावच्या गड्याकडून कौल बसवून घेत असे.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका होती. गॅसची टाकी कधी लावली, विजेचे बिल कधी भरले, पाऊस किती दिवस लागून राहिला, सगळे तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले. शिवाय काही तारखांखाली पेन्सिलीचे टिंब होते. आम्ही विचारले, हे कशाचे? ती म्हणाली, "तुझा फोन आला की करते. मग दिवस मोजायला बरं पडतं." आम्ही रोज फोन करतो अशी आमची प्रामाणिक समजूत होती. जून महिन्याची टिंबे आम्ही मोजली. अकरा होती. असे लेखापरीक्षण आमच्या कार्यालयात कधी झाले नाही.

पहिले चार दिवस आईने रीतीप्रमाणे पाहुणचार केला. घावन झाले, सांदण झाले, फणसाची भाजी झाली. आम्ही कौल सरकवून बसविले. ते तिने खाली उभे राहून कंदील धरून पाहिले आणि 'डावीकडे अजून' एवढेच म्हणाली. पाचव्या दिवशी नवी चादर दोरीवर वाळत गेली, आणि आमच्या अंथरुणावर रोजची गोधडी आली. सहाव्या दिवशी दुपारी पानावर बसलो, तर समोर पेज, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे.

"आज एवढंच आहे हो," ती म्हणाली. "आणि जेवून झालं की त्या मोरीचं तोंड बघ. चार दिवस तुंबलंय, तुला सांगायचं राहून जातंय."

आम्ही मोरी काढली. दुपारभर काढली. बारा दिवसांनी काही हिवाळा होत नाही, हे आम्हांला कळते. खूण झाली तसे आम्हीही निघालो, आणि आई तशीच दारात उभी होती. फक्त या खेपेस निघताना तिने 'पुन्हा कधी येणार' असे विचारले नाही. "त्या मागच्या पन्हळीचं पुढच्या वेळी बघ," असे म्हणाली.

पुढच्या आषाढाचा अर्ज आमच्या खणात तयार आहे. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असेच लिहिले आहे. दुसरा अधिक अचूक शब्द सरकारी मराठीत आम्हांला सापडला नाही.